जागा बरोबर, तारीख चुकीची

यंत्र ‘गेलं’ असं आपण नेमकं केव्हा म्हणतो? प्रश्न बाळबोध वाटेल, पण पंधरा वर्षांपूर्वी याचं उत्तर जितकं सोपं होतं तितकं ते आता राहिलेलं नाही. रेवस-बोडणीच्या किनाऱ्यावर हे उत्तर ठरलेलं असायचं: खारं पाणी शिरलं. बोटीवरचं काहीही घ्या, वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर, बॅटरीचा चार्जर. दर्याची हवा तांब्याला हिरवं करते, सोल्डर खाते, कनेक्टरच्या पिना कुजवते. यंत्र उघडलं की मृत्यूचं कारण डोळ्यांना दिसतं. ज्याला दिसतं त्याला ते कधीकधी दुरुस्तही करता येतं. ब्रशनं घासा, पिन बदला, नाहीच जमलं तर लॅमिंग्टन रोडला घेऊन जा.

आता मरणाचा दुसरा प्रकार आला आहे. यंत्र उघडलं तर आत सगळं ठणठणीत असतं. पडदा लागतो, बटणं चालतात, व्होल्टेज बरोबर येतं. तरीही यंत्र निकामी, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट निकामी असतं. कारण सोल्डरमध्ये नसतं, कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या एका ओळीत असतं. मी नवी मुंबईतल्या एका कंपनीत अशाच ओळी लिहितो. छोट्या उपकरणांच्या आत बसणारं फर्मवेअर हे माझं काम. त्यामुळे मला पडलेला प्रश्न असा: विकल्या गेलेल्या यंत्राबाबत ते लिहिणाऱ्याचं काही देणं लागतं का? लागत असेल तर किती वर्षं, आणि नेमकं कशाचं?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक यंत्र समोर ठेवतो. माझ्या मामाच्या बोटीवर एक जुना जीपीएस होता. करड्या पडद्याचा, जाड बटणांचा, कधीतरी सेकंडहँड घेतलेला. २०१९ च्या एप्रिलपर्यंत तो सरळ चालत होता. त्या महिन्यात मामा म्हणाला, “जागा बरोबर दावतंय, तारीख नाय.” पडद्यावर १९९९ सालचा ऑगस्ट महिना होता.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हे कशामुळे झालं असेल ते ओळखायला फार वेळ लागला नाही, कारण जगभरच्या तांत्रिक वर्तुळात त्याची चर्चा होती. जीपीएसचे उपग्रह आपला मूळ संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं पाठवतात. या चिंचोळ्या वाटेत प्रत्येक बिट मोलाचा. म्हणून ज्यांनी हा संदेश आखला त्यांनी आठवड्याच्या क्रमांकाला १० बिट दिले. १० बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. १०२४ आठवडे भरले की आकडा पुन्हा शून्य होतो. पहिल्यांदा हे १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे ७ तारखेच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास. तिसऱ्यांदा २०३८ च्या नोव्हेंबरात होईल. आपल्या ‘नाविक’ उपग्रहांची मोजणी २२ ऑगस्ट १९९९ पासून धरलेली आहे आणि तिथेही आठवड्याला १० बिटच आहेत, त्यामुळे तिचंही वर्तुळ तिथेच पुरं होतं.

जागा बरोबर राहिली, कारण जागा काढायला आठवड्याच्या आतली वेळ पुरते. कितवा आठवडा चालू आहे हे ठाऊक नसलं तरी अक्षांश-रेखांश निघतात. तारखेला मात्र तो क्रमांक लागतोच. शून्य आला तर हा कुठला शून्य, १९८० चा, १९९९ चा की २०१९ चा, हे यंत्रानंच ठरवायचं असतं. नीट लिहिलेलं फर्मवेअर त्यासाठी साधी युक्ती करतं: मी अमुक साली तयार झालो, त्याआधीची तारीख शक्यच नाही, तेव्हा १०२४ मिळवा. ही तुलना आणि बेरीज म्हणजे दोन-चार ओळींचं काम आहे. त्या ओळी नव्हत्या म्हणून यंत्र वीस वर्षं मागे गेलं.

तारीख चुकली तर कोळ्याचं काय बिघडलं, असं वाटेल. मलाही कुतूहल होतं. त्या यंत्रात भरती-ओहोटीचं एक पान होतं. मुंबईच्या अपोलो बंदरासाठी ते तारखेवरून गणित करून भरतीच्या वेळा दाखवायचं. मी कागदावर हिशेब मांडला. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. भागाकार केला तर २४२ पूर्ण महिने जातात आणि वर सुमारे २१.६ दिवस उरतात. त्यातला एक पंधरवडा वजा केला, कारण उधाण अमावास्येलाही येतं आणि पौर्णिमेलाही, तर जवळपास सात दिवस शिल्लक राहतात. उधाणापासून भांगापर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच. म्हणजे यंत्र उधाणाच्या दिवशी भांग दाखवणार आणि भांगाच्या दिवशी उधाण. वेळेचंही तसंच. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. ७१६८ दिवसांना त्यानं भागलं तर बाकी उरते ६ तास ४० मिनिटांच्या आसपास, जवळजवळ निम्मी. म्हणजे भरतीच्या वेळी ओहोटी.

यंत्र थोडंसं चुकत नव्हतं, ते बरोबर उलटं सांगत होतं. आणि सांगताना त्याच्या पडद्यावर शंकेचं एक चिन्हसुद्धा नव्हतं. धरमतर खाडीच्या तोंडाशी, जिथे ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचलाही रेवसच्या जेट्टीशी पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, तिथे ही चूक किरकोळ नाही.

मामाचं मात्र काही बिघडलं नाही. तो ते पान कधी उघडतच नव्हता. भरतीसाठी त्याच्याकडे वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि ते किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या माणसांना पाठ असतं: तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. संपला हिशेब.

प्रोग्रामरच्या नजरेनं या नियमाकडे पाहिलं तर त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. काटेकोर पाहिलं तर तो चुकतो. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपटीत आपण ४५ धरतो. दर तिथीला तीन मिनिटांची चूक साठत जाते आणि पंधरवड्याच्या शेवटी ती पाऊण तासावर पोहोचते. पण तिथे मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते आणि साठलेली चूक पुसली जाते. जीपीएसला ज्या शून्यानं गोंधळात टाकलं, तोच शून्य इथे यंत्रणा साफ करतो. तिथीचा आकडा तर जीपीएसपेक्षा किती लहान. चार बिटांतच मावतो, पंधरा झाले की संपला. तरी त्यानं शतकानुशतकं कुणाला फसवलेलं नाही. कारण आकडा मर्यादित असणं हा दोष नव्हेच. मोजणी कुठे आहे याबद्दल शंका आली तर मान वर करून चंद्र बघता येतो. नियम लपलेला नाही. तो कसा बनला हे माहीत असलेला कुणीही आपल्या खाडीपुरती त्यात दुरुस्ती करू शकतो. आत कोंडाळ्यात काहीही भरती आली तर ‘मी आमच्याकडे अर्धा तास पुढे धरतो’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

यंत्रात नेमकं हेच नव्हतं. दोन-चार ओळींची दुरुस्ती काय आहे हे मला ठाऊक होतं, करायचे हात होते, यंत्र मामाच्या मालकीचं होतं. तरी ती ओळ जिथे घालायची तिथे पोहोचायला वाट नव्हती. ज्या कंपनीनं ते बनवलं होतं तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तिचं उत्तर असं होतं की या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे, नवीन मॉडेल पाहावं.

आता दुसऱ्या बाजूनं बोलतो, कारण पगार मला त्या बाजूकडून मिळतो. ‘सपोर्ट संपला’ या दोन शब्दांमागे दरवेळी लबाडी असते असं समजणं चूक आहे. एखाद्या उपकरणाचं आयुष्य ठरवणाऱ्या बैठका मी पाहिल्या आहेत. त्यात खलनायक नसतो. असतो एक तक्ता. मुख्य चिप बनवणाऱ्यानं ती बनवणं थांबवलेलं असतं. ज्या कंपायलरवर जुना कोड बांधला जायचा तो आजच्या संगणकावर चालत नाही. चाचणीसाठी ठेवलेल्या सहा नगांपैकी दोनच जिवंत असतात. मूळ कोड लिहिणारा माणूस कधीच दुसरीकडे गेलेला असतो. एक ओळ बदलायची तर ती तपासायला तीन आठवडे आणि दोन माणसं लागतात, कारण न तपासता पाठवलेल्या एका ओळीनं हजारो चालती यंत्रं एका रात्रीत बंद पडू शकतात. हा सगळा खर्च कुणी करायचा? दहा वर्षांपूर्वी एकदाच पैसे देऊन गेलेल्या गिऱ्हाइकासाठी? आजच्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून?

शिवाय सुरक्षेचा मुद्दा आहे आणि तो पोकळ नाही. जाळ्याला जोडलेलं जुनं, दुरुस्ती न झालेलं यंत्र फक्त मालकाला धोक्यात घालत नाही, तर शेजाऱ्यालाही घालतं. बोटीवर हे सहज समजतं. आपल्या बोटीनं भलतीच जागा प्रसारित केली तर अंधारात समोरून येणाऱ्याचा जीव जातो. तेव्हा ‘माझं यंत्र, मी त्यात काहीही करीन’ हा दावासुद्धा पूर्ण खरा नाही.

म्हणून ‘कंपनीनं यंत्र कायम चालवत राहावं’ अशी मागणी मी करणार नाही. ती अशक्य आहे, आणि अशक्य मागणीमुळे शक्य असलेल्या गोष्टीही हातच्या जातात. यंत्र मेलं म्हणून अन्याय होतोच असं नाही. प्रश्न ते कसं मरतं याचा आहे.

नीतिशास्त्रात ‘मारणं’ आणि ‘मरू देणं’ यांतल्या फरकावर बरंच लिहिलं गेलं आहे. १९७५ साली जेम्स रेचल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात एक जोडउदाहरण दिलं होतं. एक माणूस वारशासाठी आपल्या लहान चुलतभावाला आंघोळीच्या टबात बुडवतो. दुसरा त्याच हेतूनं खोलीत शिरतो, पण मुलगा आपणच घसरून पडतो आणि बुडतो. हा नुसता उभा राहून बघतो. पहिल्यानं मारलं, दुसऱ्यानं मरू दिलं. दुसरा पहिल्यापेक्षा चांगला माणूस आहे का? रेचल्सचं म्हणणं, नाही. नुसतं ‘मी काहीच केलं नाही’ एवढ्यानं सुटका होत नाही.

यंत्र म्हणजे मूल नव्हे, त्याला दुखत नाही. पण त्याच्या भरवशावर असलेल्या माणसाला दुखतं. म्हणून यंत्रांच्या मरणाचे प्रकार वेगळे करून पाहणं उपयोगाचं आहे.

पहिला प्रकार सरळ मारण्याचा. २०१४ साली नेस्ट या कंपनीनं रिव्हॉल्व ही छोटी कंपनी विकत घेतली. रिव्हॉल्वचं घरातले दिवे-कुलपं चालवणारं सुमारे ३०० डॉलरचं उपकरण लोकांच्या घरी होतं. १५ मे २०१६ ला त्यामागची सेवा बंद झाली आणि ते उपकरण निव्वळ डबा होऊन राहिलं. हार्डवेअरला काहीही झालं नव्हतं. पोलंडमधलं प्रकरण आणखी विलक्षण आहे. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या काही हॅकरांनी जाहीर केलं की नेवाग या कंपनीच्या रेल्वेगाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना अशा अटी सापडल्या, ज्यांत गाडी इतर दुरुस्ती कारखान्यांच्या अक्षांश-रेखांशांवर ठराविक काळ उभी राहिली तर ती चालू होणं थांबत होतं. कंपनीनं हे आरोप नाकारले आणि वाद न्यायालयात गेला. निकाल काहीही लागो, जीपीएसचा असा उपयोग करता येतो ही गोष्टच विचारात पाडणारी आहे. जे यंत्र मामाला ‘तू इथे आहेस’ एवढंच सांगतं, ते ‘तू तिथे का गेलास’ असंही विचारू शकतं.

दुसरा प्रकार सोडून जाण्याचा. अमेरिकेतली सेकंड साइट ही कंपनी अंध माणसांच्या डोळ्यांत बसवायचं आर्गस २ नावाचं उपकरण बनवायची. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते शस्त्रक्रिया करून बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवलं, २०२० मध्ये ती बुडण्याच्या बेतात आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते होतं त्यांना सुटे भाग आणि मदत कुठून मिळेल हा प्रश्न उरला. इथे कुणी बटण दाबून काही बंद केलं नाही. पण मालकाच्या शरीरात असलेलं उपकरणही पूर्ण त्याचं नव्हतं, हे तेव्हा उघड झालं.

तिसरा प्रकार मामाच्या यंत्राचा. इथे मरणाची तारीख पहिल्यापासून माहीत होती. आठवड्याला १० बिट आहेत हे गुपित नव्हतं, त्यावरून १०२४ आठवड्यांचा हिशेब कुणालाही करता येत होता. जो हे यंत्र बनवत होता त्यानं तो केला असेल किंवा नसेल. केला नसेल तर ती चूक म्हणू. केला असेल आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नसेल, तर तो रेचल्सच्या गोष्टीतला दुसरा माणूस आहे, टबाशेजारी उभा असलेला.

आणि मामाचं खरं नुकसान तारखेत नव्हतंच. त्या यंत्रात त्यानं वर्षानुवर्षं साठवलेल्या खुणा होत्या. कुठे पाण्याखाली खडप आहे, कुठे बुडालेल्या कशाततरी जाळं अडकून फाटतं, कुठल्या महिन्यात कुठे मासळी लागते, डोल जाळ्याचे खुंट कुठे आहेत. प्रत्येक खुणेला दोन-चार अक्षरांचं नाव. त्या यादीतली एकेक नोंद म्हणजे एकेक फेरी, डिझेलचा खर्च, एखादं फाटलेलं जाळं. हार्डवेअर कंपनीनं बनवलं, फर्मवेअर माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलं, पण ही यादी मामानं लिहिली होती. यंत्र टाकून द्या म्हणणारा माणूस नकळत तीही टाकून द्या म्हणत होता.

ती वाचली ती एका जुन्या, कंटाळवाण्या गोष्टीमुळे. यंत्राच्या मागे सिरियल पोर्ट होता आणि त्यातून ‘एनएमईए ०१८३’ या सागरी उपकरणांच्या ठरलेल्या पद्धतीनं, सेकंदाला ४८०० बिट या कासवगतीनं, साध्या अक्षरांत मजकूर बाहेर पडत होता. एकेका ओळीत एकेक खूण, तिचे अक्षांश-रेखांश, तिचं नाव. वायर जोडली, लॅपटॉपवर ओळी उतरवून घेतल्या आणि नव्या यंत्रात भरल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कुणीतरी ही पद्धत ठरवली होती. आजच्या अनेक उपकरणांत अशी वायर लागत नाही. माहिती कुठेतरी दूर सर्व्हरवर असते, आणि सर्व्हर बंद झाला की ओळी उतरवून घ्यायला काही उरत नाही.

यंत्र बदलणं अटळ असेल तर ते कसं बदलावं? याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना रेवसपासून पंचवीसेक किलोमीटरवर अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे चुंबकीय उपकरणांची मोजमापं बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी जागा शोधली ती अलिबागची. तिथे चुंबकत्व नसलेल्या साहित्याची, पोरबंदरच्या दगडाची इमारत उभी राहिली आणि १९०४ ला नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याच्या नोंदी त्यांनी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे दोन जागांच्या आकड्यांतला फरक नेमका कळावा आणि जुनी नोंदमालिका नव्या मालिकेला जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा आजही काम करते, आणि तिच्या आकड्यांना १८४१ पर्यंत मागे जाता येतं.

या गोष्टीत ट्रामला कुणी विरोध केला नाही. जुनी जागा कायम टिकावी असा हट्टही नव्हता. जे येणार होतं ते येणारच होतं. पण मरण कधी येणार हे आधी ओळखलं, उघडपणे मान्य केलं, आणि आधीच्या कामाचा धागा तुटू नये म्हणून दोन वर्षांचा दुहेरी खर्च सोसला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ‘मायग्रेशन’ म्हणतो आणि शुक्रवारी रात्री उरकतो.

यावरून लिहिणाऱ्याचं देणं मला तीन गोष्टींत मांडता येतं. पहिलं, मरणाची तारीख विकतानाच सांगणं. ही कल्पनाविलासाची मागणी नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नेटला जोडता येणाऱ्या उपकरणांना सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणं बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागतात. औषधाच्या पट्टीवर तारीख छापतो, तशी ही.

दुसरं, वापरणाऱ्यानं भरलेली माहिती साध्या, वाचता येणाऱ्या रूपात बाहेर काढायची सोय ठेवणं, आणि ती सोय सर्व्हरवर अवलंबून नसणं. हे सर्वांत स्वस्त देणं आहे. ते टाळण्याचं एकही प्रामाणिक तांत्रिक कारण मला अजून ऐकायला मिळालेलं नाही.

तिसरं, आपण हात सोडणार असू तर किल्ली देऊन जाणं. सपोर्ट संपवताना यंत्राचं कुलूप उघडं करता येतं, कागदपत्रं खुली करता येतात. सुरक्षेचा आक्षेप इथे येतो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. प्रसारण करणाऱ्या, दुसऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशा भागाचं कुलूप तसंच राहू द्यावं. पण तारीख दाखवणाऱ्या, भरती सांगणाऱ्या भागाला कुलूप कशासाठी? हा फरक करायला मेहनत पडते. तो आधीपासून आराखड्यात असावा लागतो. म्हणूनच ते देणं लिहिणाऱ्याचं आहे, विकणाऱ्याचं एकट्याचं नाही. आणि किल्ली देणं खरोखरच शक्य नसेल तर किमान यंत्रानं स्वतःचं अज्ञान कबूल करावं. ‘तारीख खात्रीची नाही’ एवढे तीन शब्द पडद्यावर आले असते, तरी मामाच्या यंत्राबद्दल माझी फारशी तक्रार उरली नसती. तिथीच्या नियमात चंद्राकडे बघायची वाट जशी मोकळी असते, तशी ती यंत्रानंही मोकळी ठेवावी.

हे सगळं जुन्या करड्या यंत्राबद्दल असतं तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एका राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. तिच्यात तेरा किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्यानं बसवायचे आहेत. उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश जातात आणि मोबाइलवरच्या ‘नभमित्र’ या ॲपशी ते जोडले जातात. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, त्यामुळे भर समुद्रात वादळाचा इशारा मिळणं आणि संकटात हाक देता येणं ही मोठी गोष्ट आहे. याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण यंत्र फुकट मिळालं म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं होत नाही, उलट फुकट मिळालेल्या यंत्राचा मालक कोण हे आणखी धूसर असतं. हे यंत्र किती वर्षं चालवलं जाईल? ज्या फोनवर ॲप चालतं तो जुना झाला तर? त्यात कोळ्यानं भरलेल्या खुणा त्याला परत काढून घेता येतील का? बंद पडायच्या आधी ते सांगेल का?

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. यादी चांगली आहे, पण तिच्यात समुद्रावरच्या यंत्रांना स्वतंत्र जागा नाही. ती मिळावी ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी करायला हरकत नाही. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर जो कोड लिहितो त्याच्या हातात काही गोष्टी आजही आहेत, कारण शून्यावर आलेल्या आकड्याचं काय करायचं हे ठरवणारी ओळ शेवटी कुठल्यातरी माणसानंच लिहायची किंवा वगळायची असते. २०३८ चा नोव्हेंबर फार लांब नाही. आज विकल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी काही तोवर कुठल्यातरी बोटीवर नक्की असतील, आणि ती बोट चालवणाऱ्या तरुणाला कदाचित तिथी मोजता येत नसेल.